मिमस, लोणार आणि बाबांची वही : लॉस एंजेलिस ते अ‍ॅरिझोना, पाच दिवस

गणपतीच्या आदल्या दिवशी पुण्यात परत पोचलो, जेटलॅग अजून आहे, पहाटे तीनला टक्क जाग येते, तर म्हटलं लिहूनच टाकावं. आत्ता सप्टेंबर २०१९ चालू आहे, शनिवारी पहाटे चांद्रयान २ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरणार आहे, त्यासाठी तसंही जागायचंच आहे.

आधी थोडं बॅकग्राउंड. बाबा बुलढाणा जिल्ह्यातले, भूगोलाचे मास्तर, आता रिटायर्ड. त्यांचं लहानपण लोणारला गेलं, म्हणजे घरापासून चालत गेलं की उल्केने केलेला खड्डा आणि त्यात खारं तळं. नोव्हेंबर १९८० मध्ये ते नुकतेच नोकरीला लागले होते, तेव्हा पेपरात शनीच्या मिमस नावाच्या चंद्राचा फोटो आला होता, नासाच्या व्हॉयजर १ यानाने काढलेला. इवलासा बर्फाचा गोळा आणि त्यावर एक अवाढव्य खड्डा. बाबांनी तो कापून वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं, ‘मोठे लोणार’. ती वही आमच्या घरातून चार बदल्या, एक पूर आणि आईची दिवाळीची साफसफाई यातून वाचलीये. दादा लॉस एंजेलिसजवळ अर्व्हाइनला असतो, त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हा बाबांनी बॅगेत मेतकूट, गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि ती वही एवढं सगळ्यात आधी भरलं.

दिवस पहिला, गुरुवार २२ ऑगस्ट : ग्रिफिथ

विमान, इमिग्रेशन वगैरे काही सांगण्यासारखं नाही. दोन दिवस झोप काढली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रिफिथ ऑब्झर्वेटरी. १९३५ ची पांढरी इमारत, डोंगरावर, समोर अख्खं एलए पसरलेलं, आणि एंट्री चक्क फ्री. गच्चीवर १२ इंची झाइस दुर्बीण आहे, आजवर तिच्यातून ऐंशी लाखांच्या आसपास लोकांनी आकाश बघितलंय म्हणतात, आणि त्यातले निम्मे त्या दिवशी आमच्या पुढे रांगेत उभे होते असं वाटत होतं.

रांगेत मजा आली पण. त्याच दिवशी चांद्रयान २ ने पाठवलेला चंद्राचा पहिला फोटो आला होता आणि फॅमिली ग्रुपवर धो धो फॉरवर्ड चालू होते. बाबांनी तो मागच्या मेक्सिकन आजोबांना दाखवला. इंग्लिश दोघांचंही बेताचं. आजोबा म्हणाले ‘इंडिया?’, बाबा म्हणाले ‘इंडिया!’, मग आजोबांनी बाबांना एकदम मिठीच मारली. माझ्या पुतणीला, इराला (वय नऊ), हे इतकं आवडलं की पुढचे पाच दिवस ती कुणालाही ‘इंडिया?’ म्हणून मिठी मारत होती.

दुर्बिणीत गुरू लावलेला होता. पट्टे दिसले, आणि बाजूला एका रेषेत ठिपके. ते गुरूचे चंद्र, त्यातला एक कॅलिस्टो. गॅलिलिओने १६१० मध्ये बघितले तेही ठिपकेच. अंतराळयानं जवळ गेली तेव्हा कळलं की कॅलिस्टो म्हणजे इंचन् इंच खड्ड्यांनी भरलेला आहे, आणि त्यावरच्या वाल्हाला नावाच्या एका जुन्या आघाताची वर्तुळं एवढी पसरलीयेत की व्यास भरतो सुमारे ३८०० किलोमीटर. म्हणजे अख्खा भारत आत बसतो, काश्मीर ते कन्याकुमारी. बाबा डोळा लावून बराच वेळ उभे, मागचे लोक चुळबुळायला लागले. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाले, ‘ठिपका तर ठिपकाच दिसला रे.’

टीप : सोमवारी बंद असतं. वर पार्किंगला तासावर पैसे आहेत आणि जागा मिळत नाही ती वेगळीच, त्यामुळे मेट्रोने व्हरमाँट-सनसेटला उतरून डॅशची बस धरा. ऑगस्टमध्येही वर गार वारा असतो, स्वेटर ठेवा.

दिवस दुसरा, शुक्रवार : जेपीएल आणि विसरलेला पासपोर्ट

शनी, गुरू, युरेनस, नेपच्यून या सगळ्यांच्या चंद्रांचे जवळून काढलेले जे काही फोटो आपण बघतो त्यातले बहुतेक आले ते पसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी (जेपीएल) या नासाच्या प्रयोगशाळेच्या यानांकडून. टूर फुकट होती पण बुकिंग महिनोन् महिने आधी. दादाने एप्रिलमध्येच करून ठेवलं होतं.

आणि आम्ही बाबांचा पासपोर्ट घरी विसरलो. परदेशी नागरिकाला त्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत, मेलमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं, चूक सगळी आमचीच. दादा उलटा अर्व्हाइनला गेला, शुक्रवारचं ट्रॅफिक, आणि आम्ही बाकीचे पार्किंगच्या उन्हात चिक्की खात बसलो. टूर सुरू व्हायला सहा मिनिटं होती तेव्हा दादा धावत आला. बाबा त्याला म्हणाले, ‘काहून रे एवढा घामाघूम?’ दादाचा चेहरा बघण्यासारखा होता.

आत गेल्यावर पहिल्याच हॉलमध्ये व्हॉयजरचं खऱ्या मापाचं मॉडेल. मला वाटलं होतं छोटं असेल, पण नुसती डिशच १२ फुटांची आहे. गाइड बाई एकदम गप्पिष्ट. त्यांनी त्या मॉडेलच्या एका लांब दांडीच्या टोकाकडे बोट दाखवलं, कॅमेरे बसवलेला वळता प्लॅटफॉर्म. व्हॉयजर २ शनीच्या सगळ्यात जवळून गेलं ते इथल्या घड्याळाप्रमाणे २५ ऑगस्ट १९८१ च्या रात्री, म्हणजे दोन दिवसांनी अडतीस वर्षं होणार होती. कड्यांच्या पातळीतून यान पलीकडे गेलं आणि हा प्लॅटफॉर्मच अडकला. गिअरमध्ये वंगण पुरेना. एन्सेलाडस आणि टेथिस या दोन चंद्रांचे ठरवलेले बरेच फोटो त्यामुळे गेले. तुम्ही चार वर्षं प्रवास करून पोचलात आणि ऐन वेळी मान आखडली, तसं. नंतर इंजिनिअरांनी इथे बसून, हळूहळू हलवून हलवून तो परत चालता केला आणि साधारण साडेचार वर्षांनी तेच यान युरेनसपाशी जाऊन त्याच्या मिरांडा या चंद्राचे ते विचित्र उभे कडे दाखवू शकलं. हे ऐकताना बाबांनी वही काढली होती, गाइड बाईंना मिमसचं कात्रण दाखवलं. बाई आधी हसल्या, मग दोन्ही हातात वही धरून गपचूप बघत राहिल्या आणि विचारलं याचा फोटो काढू का. काढला.

मिशन कंट्रोलची अंधारी खोली गॅलरीतून दिसते. स्क्रीनवर कुठली अँटेना आत्ता कुठल्या यानाशी बोलतेय ते चालू असतं. व्हॉयजर २ शी बोलणं फक्त ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराहूनच जमतं, कारण ते यान पार दक्षिणेकडे गेलंय, आणि यानाकडून निघालेला सिग्नल पृथ्वीवर यायला तेव्हा साधारण पावणेसतरा तास लागत होते. ट्रान्समीटर वीस-एक वॅटचा, घरातल्या बल्बएवढा. शेंगदाण्यांची गोष्टही कळली, १९६४ मध्ये चंद्रावर पाठवलेल्या रेंजर ७ यानाच्या वेळी कुणीतरी शेंगदाणे वाटले, ती मोहीम यशस्वी झाली, तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी इथे शेंगदाणे खातात. बाबांनी लगेच खिशातली उरलेली चिक्की काढून बाईंना दिली. ‘विथ गूळ, मोअर पॉवर.’

काचेपलीकडे पांढऱ्या सूटमधली माणसं पुढच्या वर्षी जाणाऱ्या मंगळाच्या रोव्हरवर काम करत होती. बाहेर आलो तर हिरवळीवर हरणं चरतायत. इराच्या मते टूरमधला सगळ्यात भारी भाग हाच.

रात्री आर्टेशियाला पायोनिअर बुलेव्हार्डवर जेवलो, तिथे सगळी देशी दुकानं. भेळ बरी होती, वडापाव मात्र घेऊ नका, पावात गोड बन.

दिवस तिसरा, शनिवार : माउंट विल्सन

हा सगळ्यात भारी दिवस. एंजेलिस क्रेस्ट हायवेने वर जायचं, वळणं अशी की बाबा म्हणाले राजूर घाट बरा. ऑब्झर्वेटरी १७४२ मीटरवर. वीकेंडला वर छोटा कॅफे असतो, सँडविच आणि कॉफी, पण पाचला बंद, म्हणून वहिनीने थालीपिठं आणि दही घेतलं होतं ते पाइनच्या झाडाखाली खाल्लं.

संध्याकाळपर्यंत वेळ होता तर दादाच्या टॅबवर कॅसिनी यानाचे फोटो बघत बसलो. कॅसिनी २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षं शनीभोवती फिरलं, साडेचार लाखांवर फोटो पाठवले, आणि ते जसेच्या तसे, कच्चे, सगळ्यांसाठी नेटवर आहेत. मला वैयक्तिक विचाराल तर पोस्टरवरच्या रंगीत फोटोंपेक्षा ते कच्चे काळेपांढरेच बघा, त्यात धुळीचे डाग, वाकडी फ्रेम, अर्धवट कापलेला चंद्र असं सगळं असतं आणि खरंच कुणीतरी खिडकीतून काढल्यासारखं वाटतं.

मिमस आला. व्यास सुमारे ३९६ किलोमीटर, त्यावर हर्शेल नावाचा खड्डा सुमारे १३० किलोमीटरचा, मधोमध शिखर. बाबांनी नकाशाचं अ‍ॅप उघडून सरळ रेषेत अंतरं मोजली. मुंबई ते लोणार म्हणजे जवळपास अख्खा मिमस, आणि लोणार ते औरंगाबाद म्हणजे जवळपास हर्शेल. ‘म्हणजे औरंगाबादच्या काठावरून उडी मारली की लोणारात,’ इरा म्हणाली.

मग आयापेटस, शनीचाच आणखी एक चंद्र. याला बरोबर कमरेवर एक लांबलचक डोंगररांग आहे, काही ठिकाणी वीस किलोमीटर उंच, आणि अर्धा भाग डांबरासारखा काळा तर अर्धा पांढराशुभ्र. दादा आणि मी एकदमच ओरडलो, ‘अरे हा तर जुना बॉल आहे!’ मधे शिवण, एक बाजू घासून चमकवलेली, दुसरी खरबरीत. रिव्हर्स स्विंगला परफेक्ट. गंमत म्हणजे १६७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी कॅसिनीने हा शोधला तेव्हा त्याला तो शनीच्या एकाच बाजूला दिसायचा, दुसऱ्या बाजूला गेला की गायब, आणि त्याने अंदाज केला की एक अंग काळं असणार. यान जायच्या तीनशे वर्षं आधी! काळी बाजू ही पुढे तोंड करून चालणारी बाजू आहे, बाहेरच्या फीबी चंद्राकडून येणारी धूळ तिच्यावर बसते, ती बाजू जास्त तापते, तिथला बर्फ उडून पांढऱ्या बाजूला जाऊन बसतो, म्हणजे काळं आणखी काळं आणि गोरं आणखी गोरं.

अंधार पडल्यावर ६० इंची दुर्बीण. १९०८ ची, आणि तिच्यातून आपण डोळ्याने बघायचं, तिकीट काढून. घुमट फिरायला लागला की जुन्या गिरणीसारखा आवाज येतो. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता म्हणून आकाश काळंभोर, खाली मात्र एलएचे दिवे लाव्हा पसरल्यासारखे. शिडीवर चढून आयपीसला डोळा लावला, आणि शनी. मी आधीही बघितलाय, पण असा नाही, यंदा कडी चांगली उघडलीयेत, मधली काळी फट कापून काढल्यासारखी. बाजूला त्याचे चंद्र, टायटन ठळक, मग ऱ्हिया, आणि ऑपरेटरने सांगितल्यावर अजून दोन बारीक टाचणीची टोकं.

बाबांनी विचारलं मिमस कुठला. ऑपरेटर म्हणाला तो कड्यांच्या उजेडात बुडतो, आज नाही दिसणार. बाबा तरी शिडीवरून उतरेनात. ‘तिथंच आहे ना पण?’ ‘यस सर, राइट देअर.’ मग उतरले. खाली येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर गाडीत म्हणाले, ‘एवढ्या जागेत डोंगर आहेत, दऱ्या आहेत, औरंगाबादएवढा खड्डा आहे. आणि एवढ्या मोठ्या दुर्बिणीत त्याचा ठिपकापण नाही.’

टीप : पार्किंगसाठी अ‍ॅडव्हेंचर पास लागतो, खालीच पेट्रोल पंपावर घ्या. वर मोबाइलला रेंज येते-जाते, नकाशा डाउनलोड करून ठेवा. पेट्रोल भरून निघा.

दिवस चौथा, रविवार : वाळवंट आणि तुपाची बरणी

फ्लॅगस्टाफ साडेसातशे किलोमीटर. बारस्टो, नीडल्स, किंगमन. नीडल्सला गाडीच्या स्क्रीनवर ४४ अंश. बारस्टोच्या उत्तरेला गोल्डस्टोनची ती ७० मीटरची अँटेना आहे जिने यातले बरेच फोटो झेलले, पण हायवेवरून काहीच दिसत नाही, आम्ही तिथे फक्त पेट्रोल आणि वाईट कॉफी घेतली. फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर, एकदम गार, पाइनचा वास. आम्ही पोचेपर्यंत लॉवेल ऑब्झर्वेटरी बंद झाली होती, आणि रात्री ढग. मोटेलवाले काका म्हणाले यंदा मान्सून कोरडाच गेलाय, ढग येतात नि जातात. (हो, अ‍ॅरिझोनात मान्सूनच म्हणतात. बाबांना फार आनंद झाला.) गावात शिरताना अमेरिकन भूगर्भ खात्याच्या ग्रहशाखेचं ऑफिस लागलं, रविवार म्हणून बंद. चंद्रांवरच्या खड्ड्यांच्या नावांची अधिकृत यादी इथे ठेवतात. एन्सेलाडसवरची नावं अरेबियन नाइट्समधली आहेत, अलीबाबा, अल्लाउद्दीन, सिंदबाद, आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगा म्हणजे बगदाद, कैरो, दमास्कस, अलेक्झांड्रिया. त्याच भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण फवाऱ्यासारखे उडताना कॅसिनीने दाखवले.

तर इराचा प्रश्न, मिमस आणि एन्सेलाडस शेजारी-शेजारी, साइजही जवळपास सारखा, मग एक असा देवी आल्यासारखा आणि दुसऱ्याची अर्धी बाजू गुळगुळीत का?

बाबांनी मोटेलच्या टेबलावर वहिनीची तुपाची बरणी घेतली. एसीमुळे तूप घट्ट झालं होतं. इराला सांगितलं चमच्याने खड्डा पाड. पाडला, काठ उभे राहिले. दुसरा पाड, तिसरा पाड. ‘आता हे असंच ठेवलं तर वर्षानुवर्षं राहील. मिमसवर उणे दोनशे अंश, तिथं बर्फ म्हणजे आपला काळा दगड.’ मग बरणी गरम पाण्याच्या वाटीत ठेवली. दोन मिनिटांत बुडाचं तूप सैल झालं, खड्ड्यांचे काठ बसले, एकाचा तळ तर हळूच वर फुगला. इरा नाक बरणीला लावून बघत होती. एन्सेलाडसवर अगदी तसंच आहे, अलीबाबा आणि अल्लाउद्दीन या खड्ड्यांचे तळ मधोमध फुगलेत, कारण खालून ऊब आहे. डायोनी नावाचा चंद्र एक फेरी मारतो तेवढ्यात एन्सेलाडस बरोबर दोन मारतो, त्यामुळे शनीच्या ओढीत तो सतत मळला जातो आणि आतून तापतो. टेथिसवरचा ओडिसियस खड्डा चारशे किलोमीटरच्याही वरचा, पण तोही आता चपटा झालाय, चंद्राच्या गोलाईबरोबर वाकलाय. मिमसचा वरचा बर्फ मात्र गार आणि कडकच राहिलाय, त्याला पडलेला मार तो पुसूच शकत नाही.

खड्डे मोजले की कुठला भाग जुना ते कळतं, हे बाबांनी शाळेत तीस वर्षं शिकवलं असेल, पण तुपावर पहिल्यांदाच. ते तूप नंतर थालीपिठावर गेलं.

दिवस पाचवा, सोमवार : मिटिऑर क्रेटर

फ्लॅगस्टाफहून पूर्वेला तासाभराच्या आत. सपाट माळ, काहीच नाही, आणि मग एक बुटका उंचवटा दिसतो, त्यावर चढलं की पायाखाली एकदम १७० मीटर खोल. रुंदी १.२ किलोमीटर, वय सुमारे ५०,००० वर्षं. वारा असा की बाबांची टोपी गेली ती गेलीच.

पहिली प्रतिक्रिया, ‘लोणारपेक्षा लहान आहे.’ खरंच आहे, लोणार १.८ किलोमीटर. दुसरी, ‘पाणी नाही, देऊळ नाही.’ पण मग काठाकाठाने चालायला लागले आणि माणूस बदलला. खडकाचे थर काठावर कसे उलटे दुमडलेत ते बघून त्यांनी इराला चादर उलटून दाखवावी तसं हाताने करून दाखवलं. आकार वरून गोलापेक्षा चौकोनीच वाटतो, खडकात आधीपासून फटी होत्या म्हणून. लोणारला काळ्या बेसॉल्टमध्ये खड्डा, इथे वाळूचा आणि चुनखडीचा दगड, आणि तिकडे मिमसवर दगडासारखा बर्फ, तीन माती आणि एकच मार, असं ते म्हणाले.

बॅरिंजर नावाच्या खाण इंजिनिअरची गोष्ट तिथे नीट मांडलीये. सरकारी भूशास्त्रज्ञ म्हणाला ही वाफेच्या स्फोटाची करामत आहे, हा म्हणाला नाही, उल्काच, आणि खाली लोखंडाचा डोंगर पुरलेला असणार. १९०३ पासून पंचवीसेक वर्षं खणत बसला, पैसे संपले, डोंगर काही मिळाला नाही. उल्का होतीच, पण बहुतेक सगळी आघातातच वितळून-उडून गेली होती. १९६० मध्ये जीन शूमेकरने इथल्या दगडांत प्रचंड दाबाखालीच तयार होणारं खनिज दाखवलं आणि वाद मिटला. तोच शूमेकर पुढे व्हॉयजरच्या फोटो टीममध्ये होता. म्हणजे हा खड्डा वाचायला शिकलेला माणूसच मिमसचा खड्डा बघायला बसला होता. बाबांनी हे वहीत लिहून घेतलं.

टीप : तिकीट जरा महाग आहे, जागा खाजगी आहे. खाली उतरू देत नाहीत, आपल्या लोणारला उतरता येतं ते बघा. सकाळी लवकर जा, वारा कमी असतो. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाची आणि तिथली वेळ एकच.

परतताना किंगमनला एका डायनरमध्ये थांबलो. अ‍ॅपल पाय मागवला, छान होता. बाबांनी वही उघडली, पट्टी काढली (हो, पट्टी आणली होती), कात्रणातला मिमस मोजला, पाच सेंटिमीटर भरला. मग पेपर नॅपकिनवर गणित. लोणार किती येईल? पाव मिलिमीटरही नाही. मग बॉलपेनने कात्रणावर एक ठिपका काढला, बाण काढला, ‘लोणार’ लिहिलं, चष्मा वर करून बघितलं आणि वैतागले. ‘हे तर पाच किलोमीटरचं झालं.’

वेट्रेस कॉफी ओतायला आली तर तिला म्हणाले, ‘मॅडम, पेन्सिल? व्हेरी शार्प.’ तिने केसात खोचलेली काढून दिली.